भरल्या पोटी येणारी घेरी

जपानी गाडी बैलजोडीनं ओढत आणायची म्हणजे काय तमाशा असतो, ते गंगापूर रोडनं त्र्याऐंशी सालात तीनदा पाहिलं. पहिल्या खेपेला पोरं मागं धावली. दुसऱ्या खेपेला दुकानदार तराजू सोडून पायरीवर आले. तिसऱ्या खेपेला मात्र कोणी मानही वळवली नाही. फक्त कोपऱ्यावरचा पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "आली बघा धोंडीरामची माहेरवाशीण!"

हे धोंडीराम मिस्त्रीला ऐकू गेलं. जाणारच की! त्याचं सगळं दुकानच कानांवर चाललेलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचं, कुठं काय दुखतंय ते. अँबॅसेडर असो, फियाट असो, लष्कराच्या लिलावातला ट्रक असो. सायखेड्याहून तरुणपणी आलेला हा गडी आता साठीला टेकला होता. हात सोन्याचे. जीभ मात्र अशी की, गिऱ्हाईक गाडी ठेवून आधी दहा पावलं लांब उभं राहायचं.

ही गाडी म्हणजे फिरता दवाखाना. परदेशातल्या कुणा भल्या लोकांनी नाशिकच्या एका संस्थेला भेट दिलेली पांढरी शुभ्र व्हॅन. दर आठवड्याला डॉक्टर सुमेधाबाई तिच्यात बसून सुरगाण्याच्या डोंगरात जायच्या, आणि ती चालवायचा मंगळू. मंगळू तिकडचाच, कोकणा समाजातला. अंगानं काडी, पण घाटात गाडी अशी चढवायचा की मागच्या फळीवरची औषधाची बाटली कलंडायची नाही. तीच गाडी पंपावरून पेट्रोल भरून निघाली की थोड्याच वेळात आचके द्यायची, काळा धूर ओकायची आणि मरायची. मग ती धोंडीरामकडे यायची. धोंडीराम आपल्या रिवाजाप्रमाणं आधी टाकी रिकामी करायचा, कार्बोरेटर खोलायचा, धुवायचा, प्लग घासायचा, डबडंभर पेट्रोल घालून चालू करायचा. गाडी मांजरीसारखी गुरगुरायची. की झालं.

दुसऱ्या खेपेला संस्थेचे सेक्रेटरी ढुंढिराजराव विचारायला आले, तेव्हा धोंडीराम तिरसटून म्हणाला होता, "गाडीला काय बी झालेलं नाय, रावसाहेब. माझ्याकडं घड्याळासारखी चालती. गाडी नका तपासू, माणूस तपासा."

बोलून गेला आणि विसरून गेला. ढुंढिराजराव विसरले नाहीत.

पंचवटीतले हे राव, यात्रेकरूंची पूजा सांगणाऱ्या घराण्यातले, आता बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा भारी. या तिसऱ्या खेपेला बैल सोडले जाताहेत तोच त्यांची स्कूटर येऊन थांबली.

"बघितलंस ना धोंडीराम? तुझं म्हणणं मी मनावर घेतलं. पेट्रोल जास्त जातंय. गाडीत शिरलं की पेट्रोलचा भपकारा. याच्या कपड्यांनाही तोच वास. आता मला सांग, नळी घालून पेट्रोल काढणाऱ्या माणसाच्याच कपड्यांना असा वास येतो की नाही?"

मंगळू चाकाजवळ उभा होता. तो एकदम पांढरा पडला.

"मी नाय काढलं साहेब. आयशप्पत नाय काढलं."

"मी आज निकाल देत नाही," राव म्हणाले. "रविवारी सुरगाण्याला जायचंय. उद्या संध्याकाळी मी आणि सुमेधाबाई इथं येतो. धोंडीराम, तू एवढंच सांगायचं, दोष गाडीचा की माणसाचा. माणसाचा असेल तर रविवारी दुसरा ड्रायव्हर असेल. आणि चोर म्हणून हाकललेल्याला जिल्ह्यात कोण गाडी देतो, ते मला माहीत नाही."

स्कूटर निघून गेली. धोंडीरामनं रागाच्या भरात फेकलेला शब्द रावांनी उचलून, पुसून, कोर्टात ठेवावा तसा ठेवला होता! पण मिस्त्री आतून हलला की बाहेरून जास्तच ओरडतो. तो ओरडला, "उभा काय राहिलास खांबासारखा? डबा आण. टाकी रिकामी करू."

मंगळू हलला नाही.

"दादा, टाकी नका रिकामी करू."

"का रं? मला शिकवतो?"

"शिकवत नाय. पन रिकामी केली का ती बरी होते. दर बारीला तसंच झालं. पोट भरलं का तिला घेरी येते. अर्धं झालं का घेरी जाते, मग घाट पन चढते. तुमी रिकामी करून बघता, तवा तुमाला ती बरीच दिसनार ना?"

धोंडीरामनं शिवी देण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. चाळीस वर्षं गाड्या बऱ्या करणारा माणूस! रोगी आला की आधी रोगच काढून ओतून टाकत होता, आणि मग म्हणत होता, याला काही झालेलंच नाही. हात तिच्या! त्यानं विडी विझवून लांब भिरकावली.

"चल बस. चालू कर. पाय दाबून ठेव, सोडू नको."

गाडी कशीबशी चालू झाली. पाय दाबलेला होता तोवर धापा टाकत चालली. "आता सोड हळू," म्हटल्यावर थरथरली, काळा धूर सोडला आणि आचका देऊन बंद पडली. प्लग काढले तर काजळीनं माखलेले. म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. कार्बोरेटर तर आपणच दोनदा धुतला, त्याचा काही गुन्हा नाही. मग हे जास्तीचं पेट्रोल इंजिनात शिरतंय कुठून? धोंडीराम स्वतःशीच पुटपुटला, "चोर हाय खरा. पन तो बाहेर काढत नाय, आत घालतोय."

मग त्यानं एकेक नळी बोटानं धरून तिच्या मागं मागं जायला सुरुवात केली. ही पाण्याची, ही ब्रेकची, ही पंपाची. एक बारीक काळी नळी इंजिनाच्या श्वासमार्गातून निघून कोपऱ्यातल्या एका डब्याकडे गेली होती. काळा, गोल, लोणच्याच्या बरणीएवढा डबा. आमच्याकडच्या कुठल्याच गाडीला तसला अवयव नसतो, म्हणून धोंडीरामनं आजवर त्याला हातच लावला नव्हता. तिकडच्या लोकांचा काहीतरी चोचला, असं म्हणून सोडलेला. डब्याच्या टाळूवर रुपयाएवढी एक टोपी होती आणि टाकीकडून आलेली दुसरी नळी डब्यात शिरत होती.

मंगळूनं पुन्हा गाडी चालू केली. धोंडीरामनं इंजिनाकडची नळी डब्यापासून उपसली आणि तिच्या तोंडावर अंगठा ठेवला. नळीनं अंगठा चोखून धरला. आणि काय सांगावं! इंजिनाची थरथर थांबली.

"पाय सोड."

"बंद पडंल दादा."

"सोड म्हनतो ना!"

मंगळूनं पाय काढला. गाडी भरल्या टाकीवर, पाय न लावता, शांतपणे गुरगुरत राहिली. धोंडीरामनं अंगठा उचलून नळी पुन्हा डब्याला लावली, गाडीला घेरी आली. काढून अंगठा ठेवला, घेरी गेली. लहान पोराच्या हाती बटण यावं तसं तो हे पुन्हा पुन्हा करत बसला. मंगळू खाली उतरून बघायला आला तर म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम, आणि तोंडावर हसू.

डबा सोडवून हातात घेतला तर जड लागला. आत पेट्रोल हिंदकळत होतं. ते वाटीत ओतताना त्यासोबत काळे दाणे पडले. धोंडीरामनं दोन दाणे चिमटीत चुरडले आणि बोटं काळी झाली.

"कोळसा!" तो म्हणाला. "अरे, ह्यो तर कोळसा हाय!"

आता धोंडीरामला कोळसा नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा बसच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधून तिच्या गॅसवर बस हाकायचे, त्या बसवर तो पोरवयात क्लिनर होता. पहाटे उठून भट्टी फुंकायची आणि तोंड काळं करून निफाडला जायचं. पण तो कोळसा जळायचा. हा तर जळत नव्हता. नुसता डब्यात बसून होता. पेट्रोलच्या गाडीत कोळसा बसवून ठेवतो कशाला कोणी?

गॅरेजच्या मागंच घर. चतुराबाई चहा घेऊन आली, तर नवरा कोळशाच्या दाण्यांकडे असा बघत बसलेला की चहा घ्या म्हणायलाही तिला धीर होईना.

"काय झालं अहो?"

"ह्या डब्यात कोळसा हाय. का हाय, ते कळंना."

"वासासाठी असंल," चतुराबाई सहज म्हणाली. "मी नाही का गोधड्यांच्या पेटीत ठेवत? कुबट वास लागत नाही. सगळा ओढून घेतो मेला. दर दिवाळीला उन्हात टाकला की पुन्हा ताजा."

एवढं बोलून ती कपबश्या ठेवून गेली. तिला वाटलंही नाही की आपण काही बोललो. इकडे धोंडीरामच्या अंगावर सरसरून काटा आला.

टाकीतलं पेट्रोल उन्हात तापतं, त्याची वाफ होते. आपल्या गाड्यांची ती वाफ टोपणाच्या भोकातून आभाळात जाते. जाऊ दे, कोण बघतंय! आणि इथं त्या लोकांनी त्या वाफेला वाट करून दिली होती. टाकीतून नळी, नळीतून डबा, डब्यातला कोळसा वाफ पिऊन बसणार. गाडी उभी असेपर्यंत त्यानं ती जपायची, आणि गाडी पळायला लागली की थोडी थोडी इंजिनाला परत द्यायची. काही सांडायचं नाही, काही वाया घालवायचं नाही. म्हणजे ही टाळूवरची टोपी म्हणजे झडप! उभ्या गाडीला बंद, पळत्या गाडीला उघडी.

त्यानं टोपी सोडवली आणि तिच्यात तोंडानं फुंकर घातली. बंद असायला हवी होती, पण फुंकर आरपार गेली. डोळ्याजवळ नेऊन पाहिलं तर झडपेच्या ओठात कोळशाचा कण अडकलेला, मोहरीच्या निम्मा. चतुराबाईची सुई मागवून त्यानं तो अलगद काढला, झडप पुसली, पुन्हा फुंकलं. गाल फुगले, कान लाल झाले, पण हवा जाईना. मग शेजारच्या बारीक तोटीला तोंड लावून जरासं ओढलं आणि 'टक्' आवाज झाला. झडप उघडली. सोडलं, मिटली. ओढलं, टक्. धोंडीरामचा तो मशहूर कान त्या आवाजात इतका गुंतला की रस्त्यावरून ट्रक गेला तो त्याला कळलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं पायपंपानं डब्यात हवा मारून कोळसा कोरडा केला, आतली कोळसा अडवून धरणारी जाळी फाटली होती, तिच्या जागी नवी बसवली. मग मंगळूला हाक मारली. पेट्रोलात भिजवलेला चिंधीचा बोळा वरच्या तोटीला धरला, पायपंपानं हवा आत ढकलली आणि म्हणाला, "खाली नाक लाव."

मंगळूनं डब्याच्या बुडाशी नाक नेलं. हुंगलं. परत हुंगलं.

"दादा, वास नाय!"

"वर लाव."

"वर भपकारा हाय. खाली कायच नाय. नदीवरच्या हवेसारखी हवा हाय!"

दोघं आळीपाळीनं हुंगत बसले. खरं सांगतो, देवदर्शनाला गेलेली माणसंही इतकी गप्प नसतात. थोड्या वेळानं धोंडीराम म्हणाला, "मंगळू, मी आजपत्तूर गाडीचं खानं बघितलं, पानी बघितलं. तिचा श्वास कोनी सांभाळत असंल, असं माझ्या सपनात बी नव्हतं रं. तिकडं कोन मानूस बसला असंल ह्याचा विचार करत? कोनाला दिसनार नाय, कोन शाबास म्हननार नाय, त्या वाफंसाठी!"

आणि त्यानं हात जोडले. त्या डब्याला की त्या न पाहिलेल्या माणसाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पण एक गोष्ट अजून टोचत होती. डबा वाफेसाठी. मग त्यात पेट्रोल शिरलं कसं? एवढं की कोळसा भिजला, जाळी फाटली, कण झडपेत गेले?

"मंगळू, पंपावर तू पेट्रोल भरतोस कसं?"

"कसं म्हंजे? सगळे भरतात तसं." मंगळू उठला, त्यानं व्हॅनला खांदा लावला आणि ती गदागदा हलवली. "पंपवाला म्हनतो भरली. मग मी हलवतो. बुडबुडे निघतात, पेट्रोल खाली बसतं. पुन्हा भरतो, पुन्हा हलवतो. पार गळ्याला लागंपत्तूर. आनखी किती तरी बसतं, दादा!"

बोलताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. धोंडीरामनं डोळे मिटले. अख्खं नाशिक गाडी हलवून पेट्रोल भरत होतं. तो स्वतः भरत होता. बाकीच्या गाड्यांना काही होत नव्हतं, कारण त्यांना हा डबाच नव्हता. या गाडीत मात्र गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल नळीवाटे थेट कोळशावर जात होतं. वाफेला जागाच ठेवली नव्हती.

"एवढी हाव कशाला रं?"

मंगळूचा खांदा खाली आला. "संस्थेचं खातं हितल्याच पंपावर हाय, फुडं कुटं नाय. भरली टाकी सुरगान्याला जाऊन येन्यापुरती पुरते. त्याच्या फुडं करंजपाडा हाय. तिथून मानसं डोलीत घालून खाली आनावी लागतात. थोडं जास्ती बसलं का गाडी तिथवर जाते. बाई म्हनतात, जाऊ या का रे? मी म्हनतो, जाऊ या."

आता आली का पंचाईत! संध्याकाळी राव विचारणार, दोष गाडीचा की माणसाचा. झडप अडकली म्हणजे दोष गाडीचा. पण ती अडकवली कोणी? माणूस चोर नाही. पण हात त्याचाच. धोंडीराम त्याला म्हणाला, "तू तोंड उघडू नको. मी सांगतो काय सांगायचं ते."

संध्याकाळी राव आले, सुमेधाबाई आल्या. धोंडीरामनं टाकीच्या गळ्याचं पेट्रोल तेवढं काढून ठेवलं होतं; बाकी भरल्या टाकीवर त्यानं गाडी चालू करून दाखवली. नळी, अंगठा, कोळसा, झडप, सगळं दाखवलं. मग दोघांना डब्याखाली नाक लावायला सांगितलं. राव आधी आढेवेढे घेत होते, मग धोतराचा सोगा सावरून वाकले. वर हुंगलं, खाली हुंगलं. "अगाई गं!" ते म्हणाले, आणि पुन्हा वाकले. सुमेधाबाईंना तर हसू आणि डोळ्यांना पाणी एकदमच आलं.

"वास कपड्यांना का यायचा, कळलं ना?" धोंडीराम म्हणाला. "डबा भरून सांडत होता. पेट्रोल जास्त का जायचं? इंजिन फुकटचं पीत होतं. ह्यो मानूस चोर नाय. मानूस तपासा म्हनालो ते मी चुकीचं बोललो, रावसाहेब. माझी जीभ झडायला पायजे."

"ते ठीक आहे," राव हळू आवाजात म्हणाले. "पण हे बिघडलं कशानं?"

धोंडीराम खाकरला. "आता यंत्र हाय. धूळ, खड्डे..."

"माझ्यानं बिघडलं साहेब." मंगळू पुढे आला. "मी हलवून हलवून भरायचो. करंजपाड्याला पुरावं म्हनून. दादा सांगत नायत, पन खरं हे हाय."

सुमेधाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "दर वेळी करंजपाड्याला जायला पेट्रोल कुठून पुरतं, हे मी तुला कधी विचारलंच नाही रे," त्या म्हणाल्या. राव चष्मा पुसत राहिले, बराच वेळ पुसत राहिले, आणि काहीच न सांगता स्कूटरला किक मारून गेले. मंगळू त्या रात्री झोपला नसणार.

रविवारी सकाळी, गॅरेजात काढलं-जळलं तेवढं पेट्रोल भरायला, मंगळू गाडी घेऊन पंपावर गेला. दुसरा ड्रायव्हर आला की चावी द्यायची, असं ठरवूनच गेला होता. धोंडीरामही काही काम नसताना तिथं येऊन उभा होता. थोड्या वेळानं राव आले. स्कूटरवर मागं कोणी नव्हतं. पायाशी मात्र पत्र्याचा मोठा कॅन होता, नवा कोरा.

"हाही भरून घे," ते मंगळूला म्हणाले. "सुरगाण्याच्या आपल्या खोलीत ठेवायचा. करंजपाड्यासाठी."

मंगळूनं कॅन उचलून पंपाशी ठेवला. पंपवाल्यानं गाडीत नळी घातली, पेट्रोल वर आलं, तो म्हणाला, "भरली." आणि इतक्या वर्षांची सवय ती कुठं जाते! राव बोलता बोलता सरळ पुढे झाले, दोन्ही हात गाडीला लावले आणि ती हलवायला लागले.

मंगळूनं झेप घेऊन त्यांचे हात धरले. ज्या माणसानं परवा त्याला चोर म्हटलं होतं, त्याचे हात. पंपावरचे सगळे बघत राहिले.

"नको साहेब," तो म्हणाला. "तिला श्वासापुरती जागा ठेवा."

रावांनी हात सोडवून घेतले नाहीत. धोंडीरामला एकाएकी नाक पुसावंसं वाटलं, आणि पेट्रोलचा वास फार चढला बुवा, असं म्हणून त्यानं ते पुसलं. मंगळूनं टाकीचं टोपण लावलं, कॅन मागं ठेवला आणि चावी फिरवली. गाडी एका दमात चालू झाली, आणि सुमेधाबाईंना घ्यायला निघाली.